नवे पाटे आणि आप्पासाहेबांची खुर्ची

"कुसुमच्या पिकअपचं मागचं अंग पार बसलंय, आता ती विकणार..." एवढंच नलूकाकूंनी भिंतीपलीकडच्या कुसुमच्या घरातून ऐकलं आणि मेला मिक्सर सुरू झाला. काकूंना चैन पडेना. सकाळी कुसुम गुळाच्या ढेपा घेऊन निघाली, तशा त्या गाडीत तिच्या शेजारी चढून बसल्याच.

बाजारात अडते आप्पासाहेब खुर्चीतूनच गरजले, "गाडी मागं टेकली नाही. ढेपा कमी आणल्यास! उद्यापासून तुझी गाडी बंद."

"माल पुरा आहे. गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे थकले होते, म्हणून नवे दमदार बसवलेत. काट्यावर घाला."

"माझी नजर हाच काटा!"

कुसुमनं पदर खोचला. "आप्पासाहेब, जुनी खुर्ची तुमच्याखाली बसली, म्हणून ही सागवानी आणलीत. ही करकरतसुद्धा नाही. मग तुमचं वजन घटलं म्हणायचं का?"

हमाल खो खो हसले. आप्पासाहेबांच्या मिशाही हलल्या. "काटा लावा रे!"

माल पुरेपूर भरला. गाडी हंगामभर ठरली.

परतताना काकूंनी विचारलंच, "मग गाडी विकणार होतीस, ते गं?"

"गाडी नव्हे, काकू, जुने पाटे विकले लोहाराला. त्यांचे कोयते होतील. एक तुमच्यासाठी सांगितलाय."

काकूंना हायसं वाटलं. ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं तर!