शंकेचा नारळ

आरवंड्याच्या भावईदेवीच्या मंडपात बावीस लाकडी खांब आहेत. पाहुणे ते मोजतात, वरचं कोरीवकाम पाहतात, आणि मग गुरवकाका त्यांना मंडप कसा उभा राहिला ते सांगतात. लाकडी घर उभारताना या गावात आधी शंकेचा नारळ ठेवतात, त्याचं मूळही इथलंच, असं त्यांचं म्हणणं.

आधीचा मंडप उभारतानाच कोसळला होता. त्याखाली गावातल्या शेवंतीचा नवरा गेला. तो कशाने कोसळला ते तिला कुणी धड सांगितलं नाही. देवीचा कोप म्हणून गाव मोकळं झालं. तेव्हापासून शेवंतीचा कुठल्याच सुतारावर विश्वास उरला नव्हता. त्यात नव्या मंडपासाठी आणला तो तातू मेस्त्री खाडीपलीकडचा. त्याने म्हणे अख्खा सांगाडा आपल्या अंगणात जुळवून पाहिला, परत सुटा केला आणि होड्यांतून आणला. एका दिवसात उभा करतो म्हणाला. एका दिवसात? शेवंतीच्या मनात पाल चुकचुकली. शिवाय प्रत्येक लाकडावर गेरूच्या लाल खुणा: कुठे फुली, कुठे कोयता, कुठे तीन टिंबं. आणि वर चढून खुंट्या ठोकायला निवडला होता तिचा एकुलता एक बाबल.

तिने सरळ जाऊन विचारलं, "मेस्त्रीनु, ह्यो खुणो कसल्यो?"

"वयनी, तुमका कळाचा नाय," तातू म्हणाला आणि हसला. त्याचे गडीही हसले.

हसण्यावारी नेतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं तिने धरलं. ही करणीच. माणसं जेवायला बसली तेव्हा तिने ओलं फडकं घेतलं आणि हाताला लागतील तेवढ्या खुणा पुसून काढल्या.

दुसऱ्या दिवशी खांब उभे राहिले, दोरांनी ताणून धरले. तुळयांवरच्या खुणा काही दिसेनात. रात्रीच्या दवाने गेल्या असतील, असं गडी म्हणाले. तातूला एका दिवसाचा शब्द पाळायचा होता; सगळं पाठ आहे म्हणून त्याने तुळई चढवायला लावली. बाबल वर बसून खुंटी ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला खांब हलत होता. शेवंतीला ते दिसलं, आणि खुणा जुळणीसाठीच होत्या हे उमगलं. बोलावं तर गाव उभं करणार नाही, गप्प राहावं तर पोरगा जाईल. तेवढ्यात दोर सोडा म्हणून तातूने हात वर केला.

"दोर सोडू नकात!" ती किंचाळली. "खुणो मी पुसलंय!"

तातूने आधी बाबलला खाली घेतलं, मग तुळई उतरवली. ती भलत्याच खांबाची निघाली. टोक खाचेत जेमतेम दोन बोटं टेकलं होतं. गाव शेवंतीवर तुटून पडलं. तातूने सगळ्यांना थांबवलं.

"वयनी, माका कित्याक नाय इचारलास?"

"इचारल्लंय मा," ती म्हणाली. "तुमी हसलास."

तातूची मान खाली गेली, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याने काम बंद ठेवलं. गावाला अंगणात बसवून खुणा पुन्हा काढल्या, फुलीला फुली जुळते, कोयत्याला कोयता, हे दाखवलं. शेवंतीने दिवसभर शंका काढल्या आणि त्याने एकेकीचं उत्तर दिलं. त्यानंतर मंडप उभा राहिला तो कुणाला साधं खरचटल्याशिवाय.

आजही आरवंड्यात घराचा पहिला खांब उठवण्याआधी मेस्त्री नारळ पुढे ठेवून शंका विचारतो. पहिला मान वर चढणाऱ्याच्या आईचा. तिचं समाधान झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. आणि ती विचारत असताना जो हसेल, त्याला त्या दिवशी दोराला हात लावू देत नाहीत, मग तो खुद्द मेस्त्री का असेना.