अंगठ्याच्या पाठचा

बार्शीचा रेवण चिंचकर ओसाकाच्या एका कंपनीत लागला. कुणापुढे किती वाकायचं, हे तो रोज आरशासमोर घोकायचा. नोकरी पक्की व्हायच्या दिवशी मोठ्या साहेबांनी, म्हणजे हिरातांनी, त्याला चटईच्या खोलीत बोलावलं. दाराशी बूट काढले आणि रेवणचे कान तापले. फाटक्या मोज्यातून उजव्या पायाचा अंगठा सबंध बाहेर आला होता. त्याच्यावर डावा पाय ठेवून रेवण बगळ्यासारखा उभा राहिला. तरी तो दिसलाच.

हिरातासाहेब रीतीभातीचे भलते कडक. खोलीतल्या सगळ्यांदेखत अंगठ्याकडे बोट करून म्हणाले, "इथे मोठ्यांपुढे सगळे वाकतात. हा कोण ताठ उभा आहे? असल्या माणसाला मी कायम कसं करू?"

मेल्याहून मेला झालेला रेवण खाली बघतच म्हणाला, "साहेब, आमच्याकडे मोठ्या माणसाला भेटायला घरातला थोरलाच पुढे होतो. धाकटी चौघं आत मान खाली घालून बसलीत."

साहेबांनी ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. त्यांनी कागदावर शिक्का मारला.

रेवण आभार मानायला कमरेत वाकला. मोजा टर्रकन आणखी फाटला.

"आता हा कोण?"

"थोरल्याच्या पाठचा, साहेब. नोकरी पक्की झाली ऐकून पेढे मागायला आलाय."