अळंबीला कोणाची नजर लागली?

फार फार पूर्वी डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गाव इतकं लहान, की एका घरात फोडणी पडली तर शेजारच्या घरातला माणूस शिंकायचा. त्या गावात मंजुळा नावाची बाई राहायची. लहानथोरांनो, मंजुळा मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे तुम्हाला तिचा राग येणार आहे.

मंजुळेला शेत नव्हतं. घरातली एक अंधारी खोली हेच तिचं शेत. भाताचा पेंढा ती उकळत्या पाण्यातून काढायची, निथळवायची आणि त्याचे गठ्ठे बांधायची. बांधताना आत जुन्या गठ्ठ्यातला, पांढरी बुरशी धरलेला मूठभर पेंढा घालायची, दुधाला विरजण लावतात तसा. मग गठ्ठे वाशांना टांगायचे आणि वरून पाण्याचा हलका शिडकावा करत राहायचं. काही दिवसांनी गठ्ठ्यांतून अळंबी फुटायची, पांढरीशुभ्र आणि मांसल. बाजारात तिच्या बदल्यात तांदूळ मिळायचे, मीठ मिळायचं. घर त्यावरच चालायचं.

ते पहिलं विरजण मंजुळेला दिलं होतं शेजारच्या साळूने. साळू एकटी राहायची. तिच्या तोंडाला खळ नसे, पण त्या तोंडातून वाकडा शब्द कधी निघाला नाही. गाय दिसली की म्हणायची, "काय देखणी गाय." लेकरू दिसलं की म्हणायची, "काय गोड लेकरू." जगात कौतुक करण्याजोगं इतकं काही आहे, हे साळूमुळेच गावाला कळायचं.

एकदा ती आपल्या अंगणातून मंजुळेच्या खोलीच्या खिडकीपाशी आली आणि आत बघतच राहिली.

"अगं बाई, ही अळंबी की सुपं? अशी तर माझ्याकडं कधी आली न्हाई."

मंजुळा हसली. पण साळूची पाठ वळली आणि मंजुळेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. 'माझ्याकडं कधी आली न्हाई' असं का म्हणाली ही? पोटात दुखल्याशिवाय कोणी असं म्हणतं का?

तिने लगेच खिडकी लावली. फटींमध्ये गोणपाट कोंबलं. संध्याकाळी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या गठ्ठ्यांवरून ओवाळल्या आणि त्याच खोलीत निखाऱ्यांवर टाकल्या. असं ती रोज करू लागली. साळूच्या अंगणाकडच्या भिंतीला खाली, जमिनीलगत एक भोक होतं, तेवढं मात्र तिने बुजवलं नाही. का, ते ऐका. साळू चोरून डोकावली तर तिला तिथेच रंगेहाथ पकडायचं होतं.

पुढच्या खेपेला अळंबी आली ती बघवेना. देठ लांबच लांब आणि त्यांच्या टोकाला मसुराएवढ्या टोप्या. मंजुळेने पेंढा बदलला. पाणी वाढवलं, मग कमी केलं. काही फरक पडला नाही. घरातले तांदूळ तळाला गेले आणि मंजुळेची खात्री पटली. साळूची नजर लागली होती.

त्या गावात एक जुनी रीत होती. एखाद्याची नजर वाईट ठरली, तर त्याला गाव सोडून नदीपलीकडच्या माळावर राहावं लागे. मग त्याला कोणी विस्तव देत नसे की पाणी देत नसे. रीत वाईटच होती. पण वाईट रीतीसुद्धा माणसं चांगली म्हणूनच पाळतात. मंजुळा तक्रार घेऊन आवडाईकडे गेली.

आवडाई गावची म्हातारी पाटलीण. पंचांमध्ये तिचा शब्द शेवटचा. तिला न्याय करण्यापेक्षा प्रश्न विचारायला जास्त आवडायचं, आणि त्यापायी लोक तिला थोडे वैतागलेलेही असत.

"साळूची नजर लागली म्हणतेस. मग कुठल्या गठ्ठ्याला लागली?" आवडाईने विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळ्यांना सारखीच?"

मिरच्यांच्या धुरात डोळे चुरचुरायचे, म्हणून मंजुळा खोलीत जायची ती पाणी शिंपडायला आणि पळून यायला. गठ्ठा गठ्ठा तिने पाहिलाच नव्हता.

"हे बघ बये," आवडाई म्हणाली, "नजर म्हणजे निखारा. जवळ असेल त्याला जास्त भाजणार, लांब असेल त्याला कमी. साळू भिंतीतल्या भोकातून डोकावते, असं तूच म्हणतेस. मग भोकाजवळचा गठ्ठा सगळ्यात जास्त करपला असंल. जा, नीट बघून ये. तेवढं दाखवलंस तर पुढच्या बैठकीत साळूला गावाबाहेर काढते. आन् एक सांग, कौतुक झाल्यापास्नं तू काय काय बदललंस?"

"म्या? म्या कशाला काय बदलू?" मंजुळा ठसक्यात म्हणाली.

काही बिघडलं की प्रत्येक जण आधी हेच म्हणतो.

घरी येऊन मंजुळेने दिवा लावला आणि पहिल्यांदाच सगळे गठ्ठे नीट पाहिले. लांबच्या कोपऱ्यातला गठ्ठा सगळ्यात वाईट होता. मधले थोडे बरे. आणि भोकासमोरच्या गठ्ठ्याला तळहाताएवढ्या अळंब्या लगडल्या होत्या.

मंजुळेने दिवा आणखी जवळ नेला. साळूच्या डोळ्यांसमोर होता तोच गठ्ठा बाळसं धरून होता. हे उलटंच झालं. पाटलिणीला हे सांगावं की दडवावं, असाही विचार तिच्या मनात आला. पण आता तिला राहवेना. एकदा कुतूहल जागं झालं की ते रागाचं ऐकत नाही. तिने ठरवलं, दुसरं काहीच बदलायचं नाही. पाणी तेवढंच, पेंढा तोच, धूरही तोच. अळंबी खुडून तिने फक्त त्या दोन गठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. कोपऱ्यातला रोडका भोकासमोर आणला आणि भोकासमोरचा गुटगुटीत कोपऱ्यात टांगला.

पुन्हा कोंब फुटेपर्यंत तिला चैन पडलं नाही. बोट लावायचं नाही असं स्वतःला बजावून ती सारखी दाराशी येऊन बघायची. शेवटी अळंबी आली. रोडका गुटगुटीत झाला होता आणि गुटगुटीत रोडका.

म्हणजे गुण गठ्ठ्याचा नव्हता, जागेचा होता. मग त्या जागेत आहे तरी काय? मंजुळा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथे तिलाच कोंडल्यासारखं झालं, मिरच्यांचा जुना खकाणा घशात बसला. मग ती भोकापाशी जमिनीवर पालथी झाली. गालाला गार वारा लागला आणि तिने मोठा श्वास घेतला. इथे मलाही बरं वाटतंय, असं तिच्या मनात आलं. अळंबीलाही श्वास लागत असेल का?

आणि तशीच पालथी असताना तिला भोकातून पलीकडचं दिसलं.

साळू अंगणात भांडी घासत होती. मंजुळेच्या घराकडे पाठ करून बसली होती आणि पदर डोळ्यांवर पार खाली ओढला होता. एवढ्याशा गावात तक्रार लपून थोडीच राहते? वाटेने एक बाई लेकराला घेऊन गेली. साळूने मान वर केली नाही, उलट पदर आणखी खाली ओढला. ज्या बाईच्या तोंडाला खळ नसे, ती अवाक्षर बोलली नाही.

मंजुळेला रडू आलं. चोरून डोकावणारी शेवटी ती स्वतःच निघाली होती.

ती उठली. गोणपाट उपसून काढलं, खिडकी सताड उघडली, निखाऱ्यांची शेगडी अंगणात नेऊन उलटी केली.

बैठकीच्या दिवशी सगळा गाव जमला. एका बाजूला साळू जमिनीकडे बघत बसली होती. तिने आपलं गाठोडंसुद्धा बांधून आणलं होतं. मंजुळेला वाटलं, तक्रार मागे घेते एवढंच म्हणावं आणि सुटावं. नाहीतर गाव आपल्याला जन्मभर हसेल. पण गाठोड्याकडे लक्ष गेलं आणि तिच्याने तसं करवेना.

"आवडाई, खिडकी म्या लावली," ती म्हणाली. "धूर म्या कोंडला. अळंबी गुदमरली ती माझ्यापायी. साळूच्या अंगणाकडचं भोक तेवढं उघडं होतं, म्हणून एक गठ्ठा तरी जगला. त्या दिवशी तुमी इचारलं तवा म्या खोटं बोलले."

लोक हसले. आवडाई हसली नाही. पंचांकडे वळून ती म्हणाली, "ही बाई घरी जाऊन बघून आली म्हणून आज साळू गावात राहिली. याआधी ज्यांना आपण माळावर धाडलं, त्यांच्या वेळी कोण बघायला गेलं होतं?"

त्या दिवशी गावाने ती रीत मोडली.

मंजुळा साळूला हाताला धरून घरी घेऊन आली. खिडकीतून वारा येत होता आणि गठ्ठ्यांवर नवे कोंब धरले होते. "बघ साळू," मंजुळा म्हणाली, "पोटभर बघ."

साळूने पदर मागे घेतला, पण मान काही वर केली नाही. "चांगली असंल," एवढंच हळू आवाजात म्हणाली आणि निघून गेली.

मंजुळेची अळंबी पुढच्याच खेपेला पहिल्यासारखी झाली. साळूच्या तोंडून पुन्हा कोणाच्या लेकराचं कौतुक निघायला मात्र वर्षं जावी लागली.

तात्पर्य: पीक बिघडलं तर शेजाऱ्याच्या डोळ्यांत खोट शोधण्याआधी आपणच लावलेली खिडकी उघडून पाहावी.