कबुतराच्या वाटेने भैरवनगर

"भैरवनगरात पहाटे सोडलेलं कबूतर न्याहारीआधी रत्नापुरात हजर! आणि तेवढ्याच अंतराला माझ्या पालखीच्या भोयांना तीन दिवस?" त्र्यंबकराजे भर दरबारात कडाडले. महाराजांना भैरवनगरला, सासुरवाडीच्या आमरसाची घाई झाली होती, आणि घाई झाली की त्यांचं डोकं हमखास फिरायचं.

"महाराज, कबूतर सरळ जातं," दिवाणजी चाचरत म्हणाले.

"मग भोयांनीही सरळ जावं! वाट कबुतराची, वेळही कबुतराची! उद्या न्याहारीला भैरवनगर आलं नाही, तर सगळा भोईवाडा गाव सोडून चालता होईल!"

भोयांचा म्होरक्या खंडबा हात जोडू लागला. पोरंबाळं घेऊन जायचं कुठं? पण त्याची लेक गोदा पुढे आली.

"कबूल, म्हाराज! पर मधीच वळायला सांगायचं न्हाई."

"बोटभरही नाही!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी उचलली ती थेट मागच्या तटाकडे! वाट सांगायला गोदा पुढे होती.

"अरे, दरवाजा तिकडे आहे!"

"कबूतर दरवाजानं जातं व्हय, म्हाराज?"

शिड्या लागल्या, पालखी उभी झाली आणि महाराज लोडासकट एका टोकाला गोळा झाले. तटापलीकडे रंभाकाकूंचं घर. पालखी पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर!

"अगं बाई, महाराज! गूळपाणी तरी घ्या!" काकू लाटणं घेऊन मागे धावल्या. महाराजांनी हात पुढे केलाही होता.

"कबूतर वाटंत थांबत न्हाई, काकू!" गोदा ओरडली.

भोयांच्या रिवाजाप्रमाणे पुढचा भोई वाटेतला अडथळा सांगत होता, मागचा होकार देत होता.

"पुढं डबकं!"

"कळलं!"

"डबक्यात म्हैस!"

"कळलं!"

"म्हैस उठली!"

"आम्हालाही कळलं!" आतून महाराज किंचाळले. त्यांच्या डोक्यावरचा मंदील एव्हाना म्हशीच्या शिंगावर डुलत होता. भोयांना हसू आवरेना, आणि हसता हसता पालखी आणखीच हेलकावू लागली.

डबक्यापलीकडे करवंदीची जाळी आणि तिच्याही पुढे खोल दरी. कड्यावर गोदा थांबली.

"इथं कबूतर पंख पसरतं, म्हाराज. बसलात न्हवं नीट?"

"थांबा! ठेवा खाली! वळसा घ्या!"

"बोटभरही न्हाई, असं तुमीच बोल्लात!"

महाराज धडपडत खाली उतरले. अंगाला चिखल, केसांत करवंदीचा पाला. रागाने लालेलाल होऊन त्यांनी विचारलं, "एवढंच सांग! कबूतर न्याहारीआधी पोचतं, मग तुम्हाला तीन दिवस का लागतात?"

गोदाने बापाच्या सुजलेल्या खांद्याकडे पाहिलं. मग महाराजांच्या पोटाकडे पाहिलं.

"कारन म्हाराज, कबुतराच्या पाठीवर तुमी नसता!"

खंडबाने डोळेच मिटून घेतले. महाराजांनी मान खाली घालून आपलं पोट पाहिलं, मग वाकलेला पालखीचा दांडा पाहिला, आणि असे काही खदखदून हसले की डबक्यातली म्हैस मंदिलासकट पळत सुटली!

"पोरी, जिंकलीस! भोईवाडा तुमचा, पिढ्यान् पिढ्या तुमचा!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि दिवाणजींना सांगा, या पालखीला आजपासून आणखी चार भोई लावा!"