कैरवानकडे तोंड करून

"फेझ की कैरवान, बाबा? एकच नाव सांगा."

हसनबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून कालची सुकलेली फुलं टोपलीत निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बारसं आहे का कुणाचं?"

"शहरं आहेत बाबा. फेझ मोरोक्कोत, कैरवान ट्युनिशियात. दोन्ही हजार वर्षांहून जुनी. त्यातल्या एकाच ठिकाणी जाता येणार आहे."

"मग जा एका ठिकाणी."

ऋता ओट्याच्या कडेवर टेकली.

ती केळसकर मास्तरांची मुलगी. जुन्या शहरांचा अभ्यास करायला दूर परदेशी गेली होती. सहा वर्षांनी परतली, ती डोळ्यांत आग घेऊनच. जुनी शहरं म्हणजे माणसाने दगडात जपलेली माणुसकी, असं ती भेटेल त्याला सांगायची.

हसनबाबा तरुणपणी जहाजावर होते. आफ्रिकेची बंदरं त्यांनी पाहिली होती. नंतर खाडीवरच्या टेकडीवर हा लहानसा दर्गा सांभाळत राहिले. गावातले हिंदू-मुसलमान सगळेच आपले पेच घेऊन त्यांच्याकडे चढून यायचे. बाबा क्वचितच उत्तर द्यायचे. तरी लोक यायचे.

"एका ठिकाणी जा म्हणणं सोपं आहे," ऋता म्हणाली. "अप्पांचे डोळे चाललेत, बाबा."

बाबांचे हात थांबले.

"कितपत?"

"आधी रात्रीचं दिसेनासं झालं. आता दिवसाही नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं तेवढं. आजूबाजूचं गेलं. डॉक्टर म्हणतात, नळी बारीक होत जाणार… आणि मग बंद."

उघड्या दारातून आत बाबांनी पाहिलं. ऋताचे अप्पा, केळसकर मास्तर, मजारीपाशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं आयुष्य बंदरावरच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवलं. गावातल्या निम्म्या माणसांना होडीचं चित्र काढायला त्यांनीच शिकवलं होतं.

"त्यांनी आयुष्यभर मुलांना दुसऱ्यांच्या शहरांची चित्रं दाखवली," ऋता म्हणाली. "एकदा तरी खरं शहर पाहू देत. लांबचा प्रवास त्यांना एकदाच झेपेल. हे शेवटचं असेल. म्हणून मला योग्यच निवडायचंय."

"निवड की. शिकून आलीस ना?"

"तोच तर घोळ आहे." ती पुढे सरकली. "फेझच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून ओझ्याचं गाढव आलं तर भिंतीला चिकटायचं. अप्पांच्या नळीत ते शहर बरोबर मावेल. पण गल्ल्यांवर छपरं आहेत, आत अंधार. अंधारात त्यांना काहीच दिसत नाही."

"आणि ते दुसरं?"

"कैरवानला लख्ख उजेड. मशिदीचं अंगण एवढं मोठं, की माणूस मधोमध उभा राहिला तर मुंगीएवढा दिसावा. चहूबाजूंना खांब, कुठून कुठून आणलेले, एकासारखा दुसरा नाही. पण एवढं मोठं अंगण नळीतून कसं पाहायचं? एका वेळी एक खांब दिसेल. अंगण दिसणारच नाही."

"मास्तरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, तू म्हणशील तिकडे."

"मग झालं."

"झालं कसं? मग सगळा भार माझ्यावर आला." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, एक निवडलं की दुसऱ्याकडे मी कायमची पाठ फिरवली. त्यांच्या वतीने. आणि चुकलं तर परत दाखवायला त्यांच्याकडे डोळे नसतील… महिनाभर झोप नाही मला. तिकिटवाला म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर जागा गेल्या. तुम्ही कौल द्या. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

"कौल हवा तर खाली देवळात जा. गुरव आहे ना, तो देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल देतो. आमच्याकडे चहा मिळतो फक्त."

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. साखर संपली, म्हणून विचारलं नाही तुला."

ऋताला हसू येईना. रडूही येईना.

बाबांनी टोपली बाजूला ठेवली. उन्हं कलली होती.

"आत जा. सलाम कर, मास्तरांना घे आणि निघा. मला दार लावायचंय."

"पण माझा प्रश्न…"

"दार लावायचंय, गो."

ऋता आत गेली. आत थंड होतं, आणि बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे काळोख वाटत होता. तिने मजारीपुढे डोकं टेकलं. मग अप्पांचा हात धरला आणि त्यांना घेऊन दाराकडे वळली.

"पाठ फिरवलीस," बाहेरून बाबा म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. लहानपणापासून इथे येत होती, आणि विसरली. या दर्ग्यातून कुणी पाठ करून बाहेर पडत नसे. मजारीकडे तोंड ठेवायचं, मागे मागे सरकत दाराबाहेर जायचं. गावात हे शाळेत जायच्या आधी पोरं शिकायची.

"सॉरी, बाबा. सवय गेली."

ती पुन्हा मजारीकडे वळली. अप्पाही वळले. दोघं मागे सरकू लागली. अप्पांना सांभाळायचं म्हणून तिने त्यांचा दंड घट्ट धरला होता. एक पाऊल, अजून एक… आणि तिची टाच उंबऱ्याला अडकली. तोल गेला.

अप्पांनी तिला कोपराशी धरून सावरलं.

"उंबरा आहे. आधी टाच लाव, मग पाय उचल."

"तुम्हाला कसं…"

"हळू. बाहेर लगेच पायरी आहे, डाव्या अंगाला खचलेली. उजवीकडून ये."

ती उजवीकडून आली. अप्पा आरामात उतरले, जणू घरच्या पडवीतून उतरत होते. मग हळूच म्हणाले, "परदेशात सरळच चालवतात वाटतं माणसांना."

या वेळी तिला हसू आलं.

दोघं अंगणात उभी राहिली. समोर उघडं दार, आत मजार, तिच्यावरची हिरवी चादर.

बाबा ओट्यावरून उठले. "कुठे आहेस तू आता?"

"बाहेर."

"तोंड कुठे आहे?"

"…आत."

कोपऱ्यातली केरसुणी उचलून बाबा ओटा झाडायला लागले.

ऋता दाराकडे पाहत राहिली. खाली खाडीत एक होडी धडधडत गेली. होडीचा आवाज विरला, तरी ऋता पाहतच होती.

"अप्पा," ती म्हणाली, "बाराशे वर्षांपूर्वी कैरवानची काही कुटुंबं घरदार सोडून फेझला जाऊन राहिली. तिथे त्यांच्यासाठी मशीद उभी राहिली. तिला अजून कैरवानवाल्यांची मशीद म्हणतात. मी परीक्षेत लिहिलंय हे. पानभर."

"मग?"

"मग काही नाही… ते फेझला गेले, पण कैरवानकडे पाठ नाही केली त्यांनी."

केरसुणी चालूच होती.

ऋताने पिशवीतून फोन काढला. तिकिटवाल्याला म्हणाली, "फेझ. हो, दोन जागा. नाही, आता बदलणार नाही." फोन ठेवला आणि पायरीवर बसली. महिनाभर पाठीवर असलेलं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं, तशी बसली. हात गुडघ्यांवर सैल पडले होते.

"आणि ते अंगण?" अप्पांनी विचारलं. "खांबांचं? आतून ऐकत होतो मी."

"ते मी तुम्हाला फेझमध्ये बसून सांगेन. एकेक खांब."

"सांग. मी काढेन." ते तिच्या शेजारी बसले. "एका वेळी एक खांब म्हणजे बरं. पोरांनाही मी तसंच शिकवायचो. आख्खं अंगण एकदम कुणी काढत नाही."

बाबांनी दार ओढून घेतलं, कडी घातली.

ऋता उठली, त्यांच्या पाया पडली. निघाली आणि फाटकापाशी पुन्हा थांबली. अंधाराचा तो काटा मनात अजून थोडा सलत होता.

"बाबा, पण फेझच्या गल्ल्यांत अंधार आहे. मी एवढी लांब नेऊन अप्पांना काही दिसलंच नाही तर?"

हसनबाबांनी फुलांची टोपली काखेत घेतली.

"मघाशी उंबरा कुणाला दिसला, गो?"