एका ताटातलं

“कच्चं, का शिजवून?”

दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या मीराशा फकिरानं कुत्र्याच्या जेवणाच्या डब्याकडं बघत एवढंच विचारलं.

मायाप्पाला हसू आलं. पेट्रोलच्या टाकीवर कुत्रं बसवून तो सतरा कोस मोटारसायकल हाणत आला होता. रविवारी शर्यत. कुत्र्याच्या गळ्यात बांधायला ताईत हवा होता. आणि हा म्हातारा स्वयंपाकाची चौकशी करतोय!

कुत्रं कारवानी जातीचं, नाव विमान. ते पळायला लागलं की त्याची सावली मागं बसून धापा टाकायची, असं मायाप्पा सांगायचा. ऐकणारे त्यातलं निम्मं वजा करायचे आणि तरीही तोंडात बोट घालायचे.

“कच्चं, बाबा. मेंढीची कलेजी. शिजवलं की जोर जातो.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? लांडगा कधी चूल पेटवतो का?”

“नाही पेटवत.”

“मग!”

“लांडगा जेवायला कुणाच्या घरी बसतो?”

मायाप्पानं विमानच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझा विमान कुठं जेवतो?”

आता मायाप्पाची छाती फुगली. “माझ्याच ताटात! शर्यतीच्या आठवड्यात मालकानं आन् कुत्र्यानं एका ताटात जेवायचं, ही आमच्याकडची रीत हाय. आमची हौसापण बसती मध्ये. चार वर्षांची पोर, पण भाकरीचा एक घास तिचा, एक त्याचा. तोंड चाटून चाटून लाल करतोय तिचं.”

फकीर उठला. आतून जर्मनचं ताट आणलं. त्यात भाकरी ठेवली. मोटारसायकलला अडकवलेला विमानचा डबा काढला आणि ताटात उपडा केला.

गार कलेजी थपकन पडली. तिच्यावर द्राक्षाएवढे फोड होते, पाण्यानं टचटचीत भरलेले.

“बस,” फकीर म्हणाला.

“कोण? मी?”

“दोघंही. शर्यतीचा आठवडा आहे ना?”

“अहो बाबा, हे... हे माणसानं खायचं नसतंय. फोड दिसत न्हाईत का?”

“मला दिसतात. तुला दिसतात का, ते बघत होतो.”

“खाटीकसुद्धा इकत न्हाई असलं. फेकूनच देत होता.”

“मग?”

“मग मी म्हटलं, फुकट कशाला घालवायचं. माणसाला चालत न्हाई, तर कुत्र्याला...”

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. विमाननं मान लांब करून ताटात नाक घातलं होतं. मायाप्पानं दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला आणि मागं खेचलं. जल्मात पहिल्यांदा त्यानं विमानला मागं ओढलं असेल. कुत्रं चमकून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलं.

“का धरलंस?” फकिरानं विचारलं.

मायाप्पानं पट्टा सोडला नाही.

“एरवी तर घालतोसच.”

“पर त्याला कुठं काय झालंय? बघा की, कसा तुकतुकीत हाय!”

“त्याला काही होत नाही. तेच वाईट आहे. या फोडात किड्याचं बी असतं. शिजवलं की मरतं. कच्चं गेलं की त्याच्या आतड्यात रुजतं. तो पळतो, शर्यती मारतो... आणि किड्याची अंडी मागून बाहेर टाकतो. डोळ्यांना दिसत नाहीत. मग तो स्वतःचं बूड चाटतो. आणि मग...”



माळावरून वारा आला, फकिराची कफनी जराशी हलली.

“...मग हौसाचं तोंड,” मायाप्पा म्हणाला.

फकिरानं ताट विमानपासून लांब सरकवलं.

मायाप्पानं पट्टा आणखी आखूड धरला. “औषध असंल की.”

“आहे. गुरांच्या दवाखान्यात जंताची गोळी मिळते. ती दिल्यावर चार दिवस त्याची घाण जाळायची. आणि पोरीच्या पोटाचा फोटो काढून घे.”

“गोळीनं पोट ढिलं झालं म्हंजे? रविवारी पळंल का?”

“नाही पळाला तर?”

“अख्खा माळ हसंल मला! तीन गावांत सांगून ठेवलंय मी... सोमवारी नेतो, बाबा. शर्यत झाली की उजाडायला दवाखान्यात. चार दिवसांनी काय बिघडतंय?”

फकीर पुढं आला आणि त्यानं कफनी वर केली.

उजव्या बरगडीखालून बेंबीपर्यंत एक व्रण गेला होता. जुना, काळपट, नांगरानं ओढलेल्या तासासारखा.

“किड्याचा?” मायाप्पाचा आवाज खाली आला.

“नारळाएवढा फोड निघाला. पाण्यानं भरलेला. दुसरा आत आहे. तो काढता येत नाही म्हणाले.”

मायाप्पानं एकदा ताटाकडं पाहिलं, एकदा विमानकडं. मग त्यानं दर्ग्याच्या भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. माळाची जमीन दगडासारखी; ठिणग्या उडत होत्या. फकीर ‘पुरे’ म्हणाला तरी तो थांबला नाही. कंबरेएवढा खड्डा झाल्यावर त्यानं ताट त्यात रिकामं केलं, माती लोटली आणि वर असा धोंडा सरकवला की दोन गड्यांना हलला नसता. मग ताट, डबा आणि हात राखेनं घासले, धुतले, परत घासले.

विमानला टाकीवर चढवलं. सवयीनं तो मायाप्पाचं तोंड चाटायला वळला. मायाप्पानं एका हातानं त्याचं मुस्काट हळूच पुढं वळवलं.

“गोळी आजच देतो, बाबा. आन् पोरीला घिऊन तसाच मोठ्या दवाखान्यात जातो. हसू देत माळाला.”

फकीर पायरीवर टेकला.

मायाप्पानं किकवर पाय ठेवला, आणि काढून घेतला.

“बाबा... तुम्हाला कुणी येळंवर सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं होतं की,” मीराशा म्हणाला. “पण त्या रविवारी माझ्या कुत्र्याची शर्यत होती... आणि ती मी जिंकलो.”