पोथीडोहाची पहिली हाक

या पाव्हणं, जरा जपून. कातळ शेवाळलाय, आणि पाय घसरला तर डोह काही विचारत नाही, तुम्ही कुठल्या गावचे म्हणून. हा निरगुडखोऱ्याचा पोथीडोह. आणि ज्याचे फोटो काढायला एवढी पायपीट केलीत, तो मजकूर हा असा कातळावर कोरलेला. कावळ्याच्या पायांसारख्या रेघा, मध्येच ठिपके, मध्येच अर्धी चंद्रकोर. कुणी म्हणतं धनाचा नकाशा, कुणी म्हणतं जारणमारणाचे मंत्र. मागे दोघे दीडशहाणे पहार घेऊन आले होते. गावाने त्यांना चहा पाजला आणि पहार ठेवून घेतली. धनबीन काही नाही हो इथे! असतं तर हा म्हातारा गुरव देवळात दिवाबत्ती करत बसला असता का? बसा त्या उंबराखाली, सांगतो.

फार पूर्वी या गावात सावळाजी पंचाक्षरी राहायचा म्हणे. पंचाक्षरी म्हणजे बाधा उतरवणारा, मंत्र घालणारा, झाडपाल्याचं औषध देणारा. त्याच्या हाताला गुण होता. तापाने फणफणलेलं पोर त्याच्या दारात आणलं की संध्याकाळी भाकरी मागायचं, असं सांगतात. त्याच्याकडे एक पोथी होती, गुरूने मरताना दिलेली. तिची लिपी ना बाळबोध ना मोडी, सगळा खुणांचा कारभार. एकेका खुणेत एकेक मुळी, ती कशी उगाळायची, कोणत्या मंत्रावर द्यायची, हे सगळं गुंडाळून ठेवलेलं. खुणा उलगडायची किल्ली पोथीत नव्हती, ती सावळाजीच्या डोक्यात होती. विद्या एकाच कानात घालायची, चार तोंडी झाली की गुण जातो, असं गुरूने बजावलं होतं.

आता पोथीला कुणी हात लावू नये, म्हणून सावळाजीने स्वतःच एक आवई उठवून दिली. पोथी उघडेल त्याचा आणि ऐकेल त्याचा वंश बुडेल! लोकांनी ते असं काही धरलं की त्याच्या घरावरून जाताना बायका पदराने कान झाकायच्या. सावळाजी मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याला एकच लेक, अनसा. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पोर बापाच्या मागेमागे रानात हिंडली. मुळ्या खणायची, वाळवायची, जुड्या बांधून आढ्याला टांगायची. डोळे मिटून नुसत्या वासावर झाड ओळखायची म्हणे. पण कुठली मुळी कशावर, हे बापाने कधी सांगितलं नाही. उलट धाक घातला होता, ‘यातल्या निम्म्या मुळ्या माणूस मारतात. मला विचारल्याशिवाय कुणाला उगाळून द्यायची नाही.’

लग्न ठरलं तेव्हा अनसा म्हणाली, “आबा, जायच्या आधी मला पोथी वाचायला शिकवा.”

“तुला गं कशाला? तू परक्या घरचं धन. विद्या तुझ्याबरोबर सासरी गेली, की आपला उंबरा रिकामा.”

“मग देणार कुणाला? मी सोडून आहे कोण तुम्हाला?”

“बघू,” सावळाजी म्हणाला. त्याच्या मनात चुलतभावाच्या मुलाला दत्तक घ्यायचं होतं. तो मुलगा म्हणजे उजेडच होता, त्याला आंबा आणि जांभूळ यातला फरक कळायचा नाही. पण मुलगा होता ना! लेकीची हुशारी बापाला दिसत होती, नाही असं नाही. दिसत असून त्याने ती नजरेआड केली, आणि इथेच सगळं चुकलं बघा.

पुढे अनसाला मुलगा झाला. श्रावणात ती त्याला घेऊन माहेरी आली. आजोबाने नातवाला खांद्यावर घेऊन अख्खं गाव दाखवलं. दोनचार दिवसांनी नदीपलीकडच्या गावातून सावळाजीला बोलावणं आलं, कुणाच्या तरी सुनेला झपाटलं होतं. तो गेला आणि मागे नदीला पूर आला. त्यातच नातवाचा घसा धरला. गळा सुजला, दूध गिळवेना, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

अनसा नदीवर धावली. पलीकडे माणूस दिसत होता, पण हाक पोचत नव्हती. माघारी आली, तिने पोथी उघडली. वंश बुडेल ही भीती तिलाही होती. पण पोर डोळ्यांदेखत चाललेलं, बाई करणार काय? पानं उलटत गेली. रेघा, ठिपके, चंद्रकोर. एक खूण कळेल तर शपथ. मग आढ्याच्या साऱ्या जुड्या खाली ओढल्या, एकेक मुळी नाकाला लावली. एक हातात धरून सहाणेपर्यंत गेली. निम्म्या माणूस मारतात, हे बापाचं बोलणं आठवलं आणि तिचा हात थांबला. तशीच मूठ आवळून बसली. पोर तिच्या मांडीवर गेलं.

पूर ओसरल्यावर सावळाजी आला. घरात मुळ्यांचा पसारा, पोथी उघडी, लेक भिंतीला टेकून. त्याने तिची मूठ हळूच उघडली. घशाच्या दुखण्यावर उगाळतात ती मुळी तीच होती.

“ह्याच मुळीने वाचला असता गं,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग तो रडत म्हणाला, “अनसा, शिकवतो. आजपासून सगळं शिकवतो.”

अनसाने त्याच्याकडे बघितलं. “आता कुणासाठी, आबा?” म्हणाली, आणि उठून सासरी चालू लागली. ती परत कधी माहेरी आली नाही.

दत्तकबित्तक सगळं सावळाजीने डोक्यातून काढून टाकलं. गुण जातो तर जाऊ दे म्हणाला, पण विद्या गावाला सांगायचीच. दारोदार फिरला. “या, डोहावर या, पोथी वाचून दाखवतो. ती आवई मीच उठवली होती, खोटं होतं ते!” पण लोक ऐकतात कशाला? अनसाने पोथी उघडली आणि तिचं पोर गेलं, हे साऱ्यांनी पाहिलेलं. त्याचं खोटं गावाच्या लेखी खरं होऊन बसलं होतं. लोकांनी दारं लावून घेतली.

पिठोरी अमावास्येचा दिवस आला. त्या दिवशी आया वाण डोक्यावर धरतात, मागे न बघता विचारतात, ‘अतीत कोण?’ म्हणजे दारी आलेला अतिथी कोण, आणि पोर मागून म्हणतं, ‘मी!’ मग आई वाण मागे देते, आणि पोर ते घेतं. सावळाजी या कातळावर उभा राहिला. पोथी डोक्यावर धरली, गावाकडे पाठ केली आणि ओरडला, “अतीत कोण?” असं म्हणतात की दिवस बुडेपर्यंत तो हाका घालत होता. मागे कुणीही नव्हतं.

मग त्याने घशाच्या औषधाचं पान तेवढं कातळावर कोरलं, आणि पोथी डोहात सोडली. लोक विचारतात, सरळ अक्षरात का नाही कोरलं? अहो, येत असतं तर कोरलं नसतं का? गुरूने शिकवल्या तेवढ्याच खुणा त्याला लिहिता यायच्या. त्यानंतर तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी घशाची साथ आली आणि गावातले पाळणे रिकामे झाले. औषध कातळावर होतं आणि वाचणारा कुणी नव्हता. तेव्हा गावाचे डोळे उघडले, पण वरातीमागून घोडं! माझी आजी हे सांगताना दर वेळी रडायची.

म्हणून आजही पिठोरीला अख्खं निरगुडखोरं इथे जमतं. सासरी गेलेल्या लेकी मुद्दाम येतात. ज्याला जे येतं, कुणाला हाड बसवता येतं, कुणाला विहिरीचं पाणी हेरता येतं, तो कातळावर उभा राहून गावाकडे पाठ करतो आणि विचारतो, ‘अतीत कोण?’ त्याची लेक मागून म्हणते, ‘मी!’ मग तो सगळ्यांसमक्ष, मोठ्याने, पण आधी तिला सांगतो. माझ्या लेकीने माझ्याकडून नगारा घेतला, देवळात तीच वाजवते आता.

पण त्याआधी एक हाक सावळाजीच्या नावाने घालतात. ती मीच घालतो. त्या हाकेला कुणी ‘मी’ म्हणायचं नाही, अशी रीत आहे. ते उत्तर अनसाचं. आम्ही सगळे गप्प उभे राहतो, तान्ह्या पोरांनाही आया छातीशी धरून गप्प करतात, आणि थोडा वेळ तिची वाट बघतो.